स्वातंत्र्याआधीचे स्वराज्य : गिनी-बिसाऊचा मुक्तिलढा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत आशिया व आफ्रिका या खंडांचा राजकीय नकाशा पार बदलून गेला. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, घाना १९५७ मध्ये. आणि १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतील सतरा देश परकीय सत्तेतून मुक्त झाले. यांपैकी बहुसंख्य देशांत सत्तांतर वाटाघाटींच्या मार्गाने झाले. जिल्हा कचेऱ्या, न्यायालये, पोलीसदल आणि तिजोरी ही सारी यंत्रणा होती तशीच नव्या राज्यकर्त्यांच्या हाती आली. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या छोट्या देशात मात्र हा क्रम उलटा झाला. तेथे आधी गावोगावी लोकनियुक्त समित्या स्थापन झाल्या, शाळा व दुकाने निघाली, न्यायनिवाडे सुरू झाले, निवडणुका पार पडल्या आणि मग स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्या दिवशी राजधानीचे शहर परकीयांच्याच ताब्यात होते. लोकशाहीच्या तळच्या पायरीवर काम करणाऱ्यांनी अभ्यासावे असे या लढ्यात पुष्कळ आहे. त्याचे यश जसे बोधप्रद आहे, तशीच स्वातंत्र्योत्तर काळात त्या कमाईची झालेली परवडही विचार करावयास लावणारी आहे.

देश आणि लोक

गिनी-बिसाऊचे क्षेत्रफळ सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. त्याच्या उत्तरेस सेनेगल आणि पूर्वेस व दक्षिणेस गिनी प्रजासत्ताक आहे. हा शेजारचा गिनी पूर्वी फ्रेंचांच्या अमलाखाली होता. तो १९५८ मध्ये स्वतंत्र झाला व कोनाक्री ही त्याची राजधानी होय. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गिनीस पुढे त्याच्या राजधानीच्या नावावरून गिनी-बिसाऊ हे नाव मिळाले.

देशाची किनारपट्टी सखल असून खाड्या व कांदळवने यांनी ती जागोजाग चिरलेली आहे. बांध घालून भरतीचे खारे पाणी अडवावयाचे, पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन धुऊन काढावयाची आणि तीत भात पिकवावयाचे ही तेथील बलांता शेतकऱ्यांची पद्धत कोकणातील खार जमिनींशी व गोव्यातील खाजणांशी मिळतीजुळती आहे. पूर्वेकडील कोरड्या भागात फुला व मान्दिंका लोकांची वस्ती असून गुरे पाळणे व भुईमूग पिकविणे हे त्यांचे मुख्य व्यवसाय. यांखेरीज मांजाकू, पपेल अशा अनेक जमाती देशात आहेत. त्यांच्या भाषा निराळ्या आणि समाजरचनाही निराळ्या. बलांता समाजात राजा वा सरदार नसे. गावातील वडीलधारे एकत्र बसून निर्णय घेत. फुला समाजात सरदारांचे वर्चस्व होते आणि यांपैकी अनेक सरदारांना पोर्तुगीजांनी आपल्या बाजूला वळवून घेतले होते.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर पंधराव्या शतकाच्या मध्यास आले. गुलामांचा व्यापार हा कित्येक शतके त्यांचा मुख्य उद्योग होता. सर्व प्रदेशावर त्यांचा प्रत्यक्ष अंमल बसण्यास मात्र १९३६ साल उजाडावे लागले. खेड्यातील माणसाला हे राज्य तीन रूपांत भेटे : रोखीने भरावयाची पट्टी, रस्त्याच्या कामावरील वेठ आणि निर्यातीसाठी लादलेली भुईमुगाची लागवड. भुईमुगाचा भाव ठरविणे उत्पादकाच्या हाती नव्हते; खरेदीचा मोठा भाग एका बड्या पोर्तुगीज कंपनीच्या व्यापारी पेढीकडे होता. कायद्याने लोकसंख्येचे दोन भाग पाडले होते. पोर्तुगीज भाषा, उत्पन्न व राहणी यांच्या कसोटीला उतरलेले मूठभर लोक ‘सुसंस्कृत’ आणि बाकीचे सारे ‘देशी’. ‘देशी’ माणसाला नागरिकत्वाचे हक्क नव्हते. हा भेद १९६१ मध्ये कागदोपत्री रद्द झाला.

अटलांटिक महासागरातील केप व्हर्दे बेटेही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. तेथे वारंवार अवर्षण पडे. १९४० च्या दशकातील दुष्काळांत तेथील हजारो माणसे अन्नावाचून मेली. या बेटांवर शिक्षणाचे प्रमाण त्या मानाने बरे असल्याने तेथील सुशिक्षितांना गिनीत कनिष्ठ अधिकारी म्हणून नेमले जाई. साहजिकच गिनीच्या लोकांना हे बेटकरी परकीय सरकारचेच हस्तक वाटत. पुढे दोन्ही प्रदेशांनी एकत्र लढा दिला, पण ही जुनी सल पुरती गेली नाही.

वसाहत की ‘सागरपार प्रांत’?

ब्रिटन व फ्रान्स हे देश वसाहती सोडू लागले, त्या काळात पोर्तुगालमध्ये सालाझार यांची हुकूमशाही होती. वसाहती टिकविण्यासाठी या राजवटीने शब्दांचा आश्रय घेतला. १९५१ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून सर्व वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव देण्यात आले. पोर्तुगाल १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. आपल्याकडे वसाहतीच नाहीत, तेव्हा त्यांची माहिती देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी भूमिका त्याने घेतली. ही पळवाट महाराष्ट्र व गोव्यातील जनतेच्या चांगल्या परिचयाची होती. गोव्याविषयीही हेच सांगितले जात होते. १५ डिसेंबर १९६० रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून हा युक्तिवाद फेटाळला आणि स्वयंशासित नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांची यादीच दिली. तीत अंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्दे यांच्या जोडीने गोव्याचाही उल्लेख होता.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६१ मध्ये, मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. आफ्रिकेतील पक्षांबरोबर गोव्यातील संघटनाही तीत सहभागी होत्या. मूळचे गोव्याचे आकिनो द ब्रागांसा हे या परिषदेच्या कार्यातील एक प्रमुख व्यक्ती होत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज साम्राज्य अभेद्य नाही हे आफ्रिकेतील लढवय्यांना दिसून आले.

कृषितज्ज्ञाची पाहणी

गिनी-बिसाऊच्या लढ्याचे प्रमुख सूत्रधार आमिल्कार काब्राल यांचा जन्म १९२४ मध्ये गिनीतील बाफाता येथे केप व्हर्दियन आईबापांच्या पोटी झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण बेटांवर झाले आणि दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला. लिस्बन येथे कृषिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते १९५२ मध्ये गिनीत सरकारी शेतकी सेवेत रुजू झाले. १९५३ मध्ये वसाहतीची कृषिगणना करण्याचे काम त्यांच्याकडे आले. या कामानिमित्त त्यांनी जवळजवळ सारा देश पायाखाली घातला. कोणत्या भागात कोणते पीक येते, जमीन कसण्याची रीत काय, गावाचा निर्णय कोण घेतो, पट्टीचा पैसा कोठून उभा राहतो, याची माहिती त्यांना सरकारी खर्चानेच मिळाली. पुढील वीस वर्षांच्या लढ्याची आखणी या माहितीवर उभी होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गिनी व केप व्हर्दे यांच्या स्वातंत्र्यासाठी काढलेल्या पक्षाची स्थापना १९ सप्टेंबर १९५६ रोजी बिसाऊ शहरात झाली असे मानले जाते. प्रारंभी त्याचे काम शहरातील कामगार व कारकून यांच्यात गुप्तपणे चाले. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर वेतनवाढीसाठी संप करणाऱ्या गोदीकामगारांवर व खलाशांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सुमारे पन्नास माणसे मारली गेली. या घटनेने पक्षाचा मार्ग बदलला. शहरात सरकारचे बळ सर्वांत अधिक होते आणि बहुसंख्य जनता खेड्यांत होती. यास्तव खेड्यांत जाण्याचा निर्णय झाला आणि काब्राल यांनी कोनाक्री येथे आपले मुख्य ठाणे उभारले.

बंदुकीआधी बोलणे

सशस्त्र लढ्यास १९६३ च्या जानेवारीत तीते येथील लष्करी ठाण्यावरील हल्ल्याने प्रारंभ झाला. त्यापूर्वीची दोन-तीन वर्षे प्रचारक तयार करण्यात गेली, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कोनाक्री येथील पक्षाच्या शाळेत तरुणांना गावात प्रवेश कसा करावा, वडीलधाऱ्यांना कसे भेटावे, कोणत्या शब्दांत बोलावे याची प्रात्यक्षिके करावयास लावीत. ‘वसाहतवाद’ वा ‘साम्राज्यशाही’ असे शब्द खेड्यात उच्चारून उपयोग नाही, हे काब्राल जाणून होते. पट्टी किती भरता, भुईमुगाला काय भाव मिळाला, वेठीला कोण गेले होते, या प्रश्नांपासून बोलणे सुरू होई. माणसे कल्पनांसाठी लढत नाहीत, आपले व आपल्या मुलांचे जिणे सुधारावे म्हणून लढतात, असे ते कार्यकर्त्यांना बजावीत. अडचणी व पराभव लोकांपासून लपवू नयेत, ही त्यांची दुसरी शिकवण होती.

कासाकाची सभा

लढा सुरू झाल्यावर वर्षभरातच दक्षिणेकडील मोठा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून गेला. परंतु त्याबरोबर एक नवे संकट उभे राहिले. काही तुकडीप्रमुख आपापल्या भागात लहान राजांसारखे वागू लागले. गावकऱ्यांवर जुलूम होऊ लागले. चेटकाच्या संशयावरून माणसे मारली गेली. एक जुलमी गेला आणि दुसरा आला, असे लोकांना वाटले असते तर लढा तेथेच संपला असता. फेब्रुवारी १९६४ मध्ये दक्षिणेतील कासाका येथे पक्षाची सभा भरली. जवळच कोमू बेटावर लढाई चालू असताना या सभेत स्वकीयांच्या अपराधांची चौकशी झाली. दोषी प्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. काहींना कठोर शिक्षा झाल्या. सैन्य पक्षाच्या राजकीय नियंत्रणाखाली राहील आणि मुक्त भागाचा कारभार मुलकी समित्या पाहतील, असे दोन निर्णय येथे झाले. मुक्तिलढ्याच्या इतिहासात रणांगणावरील कोणत्याही विजयाइतकेच या सभेचे मोल आहे.

ग्रामसमिती, भांडार, शाळा

मुक्त भागातील कारभाराचा मूळ घटक गाव हा होता. प्रत्येक गावाने पाच जणांची समिती निवडावयाची आणि त्यांत किमान दोन स्त्रिया असावयाच्या, असा नियम होता. शेतीचे उत्पादन, गावाचे संरक्षण, शिक्षण व आरोग्य, लढवय्यांसाठी शिधा, जन्ममृत्यूच्या नोंदी अशी कामे सदस्यांत वाटून दिली जात. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला अनेक गावांत वडीलधाऱ्यांचा विरोध झाला. पक्षाने तो नियम सोडला नाही. मुलींच्या संमतीवाचून होणाऱ्या विवाहांसही पक्षाचा विरोध होता.

पोर्तुगीजांची पट्टी व भुईमुगाची सक्ती बंद झाली आणि शेतकरी पुन्हा भाताकडे वळला. परंतु मीठ, कापड, साबण, कुदळी या वस्तू आणावयाच्या कोठून? पोर्तुगीज व्यापारी निघून गेले होते. यासाठी १९६४ पासून लोकभांडारे सुरू करण्यात आली. त्यांत चलन चालत नसे. शेतकऱ्याने भात, कातडी, मेण आणावे आणि त्याच्या बदल्यात गरजेची वस्तू न्यावी, अशी पद्धत होती. व्यापाऱ्याने देऊ केला असता त्याहून बरा मोबदला मिळतो, हे पाहून लोकांना नव्या कारभाराचा अर्थ समजला. भांडारांतील बराचसा माल मित्रराष्ट्रांच्या मदतीतून येई. शस्त्रे सोव्हिएत संघाकडून, डॉक्टर क्युबाहून आणि मुलकी गरजेच्या वस्तू १९६९ पासून स्वीडनकडूनही मिळू लागल्या.

शाळा झाडांच्या सावलीत भरत. विमानहल्ल्यांमुळे त्यांची जागा वारंवार बदलावी लागे आणि शाळेजवळ खंदक खणून ठेवावे लागत. तरीही १९७० च्या सुमारास, पक्षाच्या नोंदींनुसार, मुक्त भागातील विद्यार्थ्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. शिक्षकांत पुष्कळसे स्वतः जेमतेम प्राथमिक शिक्षण घेतलेले तरुण होते. त्यांच्यासाठी पावसाळ्यात प्रशिक्षणवर्ग भरत. निवडक मुलांसाठी १९६५ मध्ये कोनाक्री येथे एक नमुना शाळा काढण्यात आली. पाठ्यपुस्तके स्वीडनमध्ये छापून येत.

शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न मोठा बिकट होता. जमातींच्या भाषा अनेक. सर्वांना जोडणारी क्रियोल बोली बाजारात व छावणीत पसरत होती, पण तिला लिखित रूप नव्हते. काब्राल यांनी पोर्तुगीज हेच माध्यम ठेवले. भाषा हे साधन आहे, शत्रूची म्हणून ती टाकून देण्यात शहाणपण नाही, अशी त्यांची भूमिका होती. घरी कधीही न ऐकलेल्या भाषेत शिकणे खेड्यातील मुलांना जड गेले, हेही तितकेच खरे. लढ्याच्या ओघात क्रियोल मात्र खऱ्या अर्थाने राष्ट्राची बोली बनली.

सत्ताधाऱ्यांचे उत्तर

पोर्तुगालने या चिमुकल्या देशात सुमारे तीस हजार सैन्य आणून ठेवले. १९६८ मध्ये राज्यपाल म्हणून आलेले जनरल स्पिनोला यांनी बळाबरोबर सुधारणांचाही अवलंब केला. रस्ते, दवाखाने व शाळा बांधल्या. जमातींच्या परिषदा भरविल्या. विखुरलेल्या वस्त्या हलवून त्या लष्करी पहाऱ्याखालील गावांत वसविल्या. जे पाचशे वर्षांत सुचले नाही ते पाच वर्षांत करण्याची ही घाई म्हणजे रानातील शाळांनी व भांडारांनी मिळविलेला विजयच होता. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीजांनी थेट कोनाक्री शहरावर समुद्रमार्गे छापा घातला. काब्राल त्या वेळी शहरात नव्हते.

एप्रिल १९७२ मध्ये राष्ट्रसंघाच्या एका विशेष पथकाने मुक्त भागाला भेट दिली. एक्वादोर, स्वीडन व ट्युनिशिया या देशांचे तीन प्रतिनिधी रात्रीच्या अंधारात पायी प्रवास करीत गावांतून फिरले. पोर्तुगालचा विरोध व बाँबवर्षाव यांना न जुमानता त्यांनी शाळा, दवाखाने व समित्यांचे काम पाहून त्यावर अहवाल दिला. त्याच वर्षी मुक्त भागात निवडणुका झाल्या. लोकांनी प्रादेशिक मंडळे निवडली आणि त्यांतून राष्ट्रीय लोकसभेचे प्रतिनिधी निवडण्यात आले.

ही सभा भरण्यापूर्वीच, २० जानेवारी १९७३ रोजी, कोनाक्री येथे काब्राल यांची हत्या झाली. मारेकरी पक्षातीलच असंतुष्ट होते. त्यांच्यामागे पोर्तुगीज गुप्त पोलिसांचा हात असल्याचे सर्वत्र मानले जाते. दहाच दिवसांनी, त्यांच्या अंत्यविधीस निघालेल्या तीतिना सिला या स्त्रीनेत्या नदी ओलांडताना पोर्तुगीजांच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. नेता गेला की लढा कोसळेल, ही शत्रूची अपेक्षा फोल ठरली. विमानवेधी क्षेपणास्त्रे हाती आल्यावर पोर्तुगीजांचे आकाशावरील वर्चस्वही संपले. २४ सप्टेंबर १९७३ रोजी पूर्वेकडील बोए भागात राष्ट्रीय लोकसभेने स्वातंत्र्याची घोषणा केली. २ नोव्हेंबर रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने ९३ विरुद्ध ७ मतांनी या घोषणेचे स्वागत केले.

लिस्बनपासून दिल्लीपर्यंत

अंगोला, मोझांबिक व गिनी या तिन्ही आघाड्यांवरील युद्धाचा भार पोर्तुगालसारख्या गरीब देशाला पेलवेना. तरुण अधिकाऱ्यांत असंतोष पसरला आणि त्याची पहिली खलबते गिनीतील छावण्यांतही झाली. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्कराने लिस्बन येथील हुकूमशाही उलथून टाकली. १० सप्टेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने गिनी-बिसाऊला मान्यता दिली. १९७५ मध्ये मोझांबिक, केप व्हर्दे व अंगोला स्वतंत्र झाले. याच बदलाचे फळ भारतालाही मिळाले. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व तेरा वर्षे नाकारणाऱ्या पोर्तुगालने ते ३१ डिसेंबर १९७४ च्या नवी दिल्ली येथील कराराने मान्य केले. वसाहतींतील लोकांच्या लढ्याने पोर्तुगीज जनतेलाही तिचे स्वातंत्र्य मिळवून दिले, हे या घटनाक्रमाचे वैशिष्ट्य होय.

राजधानीत आल्यानंतर

स्वातंत्र्यानंतर पक्षाचे कार्यकर्ते बिसाऊत आले. खेड्यांत घडलेली माणसे राजधानीतील खात्यांत गेली आणि गावे मागे राहिली. पूर्वी पोर्तुगीजांच्या सैन्यात असलेल्या अनेक आफ्रिकी सैनिकांना ठार करण्यात आले. कासाकाला दाखविलेला न्यायविवेक येथे दिसला नाही. परकीय मदत व कर्ज यांचा मोठा भाग राजधानीच्या परिसरातील प्रकल्पांवर खर्च झाला. कुमेरे येथील शेतमालप्रक्रियेचा कारखाना इतका मोठा योजला होता की त्याला पुरेल एवढा मालच देशात पिकत नव्हता. लोकभांडारे सरकारी मक्तेदारीची दुकाने बनली. फळ्या रिकाम्या राहू लागल्या आणि शेतकरी आपले भात सीमेपलीकडे नेऊन विकू लागला. १४ नोव्हेंबर १९८० रोजी लष्करी उठावात सरकार पडले आणि केप व्हर्देशी असलेले ऐक्यही तुटले. १९९८-९९ मध्ये यादवी युद्ध झाले आणि त्यानंतरही लष्कराचा हस्तक्षेप वारंवार होत राहिला. केप व्हर्देमध्ये मात्र १९९१ च्या बहुपक्षीय निवडणुकीत सत्ताबदल शांततेने झाला.

या फरकाची कारणे अनेक आहेत. बेटांवर युद्ध झाले नव्हते व शिक्षणाचा पायाही आधीपासून होता. तथापि गिनी-बिसाऊपुरते एक कारण ठळकपणे दिसते. लढ्याच्या काळात पक्षाला गावावाचून चालत नव्हते. भात गाव देत होते, आसरा गाव देत होते, शत्रूची खबरही गावच देत होते. म्हणून गावाचे म्हणणे ऐकले जाई आणि कार्यकर्ता गावाला जबाबदार राही. बंदर व तिजोरी हाती येताच राज्याची ही गरज संपली. समितीला स्वतःचा निधी नव्हता, आणि वरच्या सत्तेला जाब विचारण्याचा अधिकारही कोणत्या कायद्याने तिला दिलेला नव्हता. गरज सरली आणि समितीचे वजनही सरले.

शस्त्रास्त्रांनी सुसज्ज अशा साम्राज्याला पाच जणांच्या ग्रामसमित्यांच्या आधारावर नमविता येते, हे गिनी-बिसाऊच्या शेतकऱ्यांनी जगाला दाखविले. त्याच समित्यांना स्वकीयांच्या राज्यात हक्काची जागा मिळाली नाही, तेव्हा मिळविलेले स्वातंत्र्य राजधानीच्या वेशीशीच अडकून पडले. स्थानिक कारभार वरिष्ठांच्या गरजेवर वा कृपेवर अवलंबून असेपर्यंत तो टिकाऊ होत नाही. त्याला हक्क, निधी आणि हिशेब विचारण्याचा अधिकार यांची जोड द्यावी लागते. काब्राल यांनी गावातील माणसाला विचारावयास शिकविलेले प्रश्न साधे होते : पट्टी किती भरता, भाव काय मिळतो, शाळा कोठे आहे? हे प्रश्न स्वातंत्र्यानंतरही त्याच आस्थेने विचारले जावेत, एवढीच त्या लढ्याची मागणी होती.